ऑगस्टमध्ये श्रीलंका : पेराहेरा, समुद्र आणि डोंगर एका फेरीत जमेल का?

शाळाघंटा :

नमस्कार मंडळी,

यंदा रक्षाबंधनाच्या आठवड्याला जोडून अकरा दिवसांची रजा मिळतेय. मी, माझी आई (वय ६९) आणि मुलगा (वय ९) असे तिघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. आईला देवळं हवीत, पोराला समुद्र हवा, आणि मला कँडीचा पेराहेरा, म्हणजे तिथली हत्तींची मिरवणूक बघायचीय. कॉलेजात असताना एका मासिकात त्या सजवलेल्या हत्तीचा फोटो पाहिला होता, तेव्हापासून डोक्यात आहे.

टूरवाल्याने दिलेला आराखडा असा : एक रात्र कोलंबो, दोन रात्री कँडी, तीन रात्री नुवारा एलिया, चार रात्री बेंटोटाचा किनारा. हॉटेल चांगली दिसतात. पैसे अजून भरलेले नाहीत, शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतलीय.

माझ्या शंका : ऑगस्टमध्ये बेंटोटाला पोराला पाण्यात उतरवता येईल का? टूरवाला म्हणतो, थोडाफार पाऊस असतो, चालायचंच. पेराहेराला गर्दी किती असते, आईला झेपेल का? तिचे गुडघे दुखतात. सावकाश जिने चढते, पण तासन्‌तास उभी राहू शकत नाही. आणि ती पक्की शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. तिकडे डाळभाजीतही मासे असतात असं कुणीतरी तिला सांगितल्यापासून ती जरा धास्तावलीय.

जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.


ओलीवाळू :

ताई, पैसे भरले नाहीत हे फार बरं झालं. शुक्रवारच्या आत टूरवाल्याला एवढंच सांगा की बेंटोटा नको, पूर्वेचा किनारा द्या.

आमची पहिली फेरी अशीच फसली. मी आणि नवरा, जुलैचा महिना. आमच्या टूरवाल्यानेही चार रात्री नैऋत्य किनाऱ्यावर हिक्काडुवाला दिल्या होत्या. पहिल्याच सकाळी पाहिलं तर पाणी गढूळ तपकिरी, फेस थेट हॉटेलच्या पायरीपर्यंत, आणि वाळूत रोवलेल्या बांबूवर लाल बावटा. हॉटेलचा पोऱ्या हात हलवून सांगत होता, पाण्यात पाय नका घालू, आत ओढतं. चार दिवस टॉवेल वाळले नाहीत, दाराखालून वारा वाळू आत ढकलत होता. तिसऱ्या दिवशी तो बावटा फडफडून फाटला, तर पोऱ्याने नवा आणून बांधला. पाऊस काही चोवीस तास नव्हता. मधून लख्ख ऊन पडायचं, आणि त्या उन्हात समोरचा समुद्र नुसता बघत बसायचा. नऊ वर्षांच्या पोराला तिथे चार दिवस कसं थोपवणार?

कारण साधं आहे. आपल्या कोकणाला झोडपतो तोच नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आपटतो. मधोमध उंच डोंगर आहेत. ढग तिथे अडतात, रिकामे होतात, आणि पलीकडे पूर्वेला कोरडा वारा उतरतो. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच. डिसेंबर ते फेब्रुवारीत सगळं उलटतं : ईशान्येकडून पाऊस येतो, पूर्व किनारा ओला होतो, आणि बेंटोटा, उनावटुना, मिरिस्सा इथला समुद्र शांत, निळा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गडगडाटी पाऊस कुठेही गाठतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमाराला येतात, म्हणून तेव्हा मी कुणालाच जा म्हणत नाही. म्हणजे बेंटोटा वाईट नाही हो. फेब्रुवारीत मी बहिणीबरोबर त्याच किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ पोहले आहे. तुमचा महिना तिथला नाही, एवढंच.

आता पेराहेरा. तुम्ही नकळत बरोब्बर आठवडा धरलाय. त्यांची निकिनी पौर्णिमा म्हणजे बहुतेक वर्षी आपली नारळी पौर्णिमाच, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. कँडीची मिरवणूक या पौर्णिमेला संपते. पहिल्या पाच रात्री ‘कुंबल’, नंतरच्या पाच ‘रांदोली’. रात्र जाईल तसे हत्ती, नर्तक, ढोलवाले वाढत जातात आणि शेवटच्या रात्री माणसांचा पूर येतो. पक्क्या तारखा दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाचा दात जपलेलं दंतधातूचं मंदिर, जाहीर करतं. त्या पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. मी तर सगळ्यांना हाच क्रम सांगते : आधी चंद्र बघा, मग वारा बघा, हॉटेल शेवटी. टूरवाले आधी हॉटेल बघतात आणि आपण त्यात अडकतो.

दुसऱ्या फेरीत माझ्या सासूबाई बरोबर होत्या, तेव्हा ७१ वर्षांच्या. त्यांना घेऊन रांदोलीची दुसरी रात्र पाहिली. फुकट बघायचं तर दुपारपासून फुटपाथवर चटई टाकून बसावं लागतं. ते तुमच्या आईंना जमणार नाही. रस्त्याकडेच्या दुकानांच्या ओट्यांवर आणि हॉटेलांच्या गॅलऱ्यांमध्ये खुर्च्या विकतात. पैसे बरेच घेतात, पण इथे हात आखडू नका. पहिल्या मजल्यापेक्षा खालची, रस्त्यालगतची दुसरी-तिसरी रांग बरी. जिना नको, आणि हत्ती समोरून जातो. दुपारनंतर रस्ते बंद होतात, म्हणून खोली मालिगावपासून चालत येण्याजोगी घ्या, तळ्याच्या काठाला. मिरवणूक निघाली की तीन-चार तास जागेवरून हलता येत नाही, तेव्हा आईंना आधीच बाथरूमला नेऊन आणा. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या रांगेतल्या एका आजींचे फार हाल झाले.

सगळ्यात पुढे चाबूकवाले येतात. लांबलचक चाबूक डोक्यावरून फिरवून रस्त्यावर असा फोडतात की छातीत धस्स होतं. मग आगीचे गोळे फिरवणारी पोरं, झेंडे, ढोल. माझ्या मनात मात्र वास राहिलाय. मिरवणुकीच्या दोन्ही कडांनी माणसं लोखंडी पिंजऱ्यांच्या मशाली घेऊन चालतात आणि त्यात जळतं सुकं खोबरं. खांद्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा आमच्यासमोर थांबला, मूठभर वाट्या पिंजऱ्यात टाकल्या, तूप ओतल्यासारखी ज्वाळा वर उठली, आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, घरी खोबरं करपतं तसा वास येतोय.” मग मालिगावचा सुळेवाला हत्ती आला. पाठीवर सोन्याची करंडी, आणि त्याच्या पायांपुढे पांढरं कापड. माणसं ते पुढे पुढे अंथरत नेतात, हत्तीचा पाय मातीला लागू देत नाहीत. त्याला ते ‘पावाडा’ म्हणतात. आपल्या पायघड्या! सासूबाई खुर्चीतून उठून हात जोडून उभ्या राहिल्या. आजूबाजूचे सगळेच उभे होते. दात स्वतः मिरवणुकीत नसतो, मंदिरातच राहतो. पण त्या क्षणी हे कुणाच्या मनात येत नाही. मागून नाथ, विष्णू, कतरगाम आणि पत्तिनी या चार देवळांच्या मिरवणुका, आणि रांदोलीत शेवटी पालख्या. रांदोली म्हणजे सोन्याची डोली. शब्दसुद्धा आपल्याच घरातला वाटतो.

गर्दी फारच नको वाटली तर आणखी एक सोय आहे. शेवटच्या रांदोलीनंतर गेटंबेला महावेली नदीत तलवारीने पाणी कापण्याचा विधी होतो, आणि मग दिवसा एक मिरवणूक निघते. तिच्यात रात्रीची मशालींची जादू नाही, पण आईंना ती सोपी जाईल.

डोंगराचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये तीन रात्री नुवारा एलियात घालवू नका. ते पावसाच्या बाजूला पडतं. धुकं, भुरभुर, आणि १,८०० मीटरवरची थंडी. गाडीने जाता जाता बघा. मुक्काम पलीकडच्या ऊवा भागात करा : हापुतले, बंडारवेला किंवा एल्ला. जुलै ते सप्टेंबर तिथे कोरडा वारा वाहतो, चहाची वाढ मंदावते आणि त्यामुळेच ऊवाच्या चहाला याच दिवसांत सगळ्यात चांगला स्वाद येतो. कँडीहून आगगाडीने गेलात तर हा बदल डोळ्यांनी दिसतो. आम्ही नानू ओयापासून खिडक्या लावून बसलो होतो, काचेवर पाणी ओघळत होतं. पट्टीपोला स्टेशन गेलं, गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, आणि डब्यात ऊन! सगळ्या डब्याने एकदम खिडक्या वर केल्या.

जेवणाचं सविस्तर लिहिते, पण आत्ता पोळ्या लाटायच्यात.


रूळपट्टी :

वरचा बोगद्याचा किस्सा शंभर टक्के खरा. पट्टीपोला हे श्रीलंकेतलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन, १,८९१ मीटर. तिथला रूळ आपल्याच मापाचा, साडेपाच फुटी रुंद, आणि तो एवढ्या उंचीवर नेलाय हे बघूनच माझ्यासारख्याचं पोट भरतं.

कामाचं तेवढं सांगतो. कँडी ते एल्ला सहा-सात तास लागतात, उशीर झाला तर जास्त. आरक्षित जागा विक्री उघडताच संपतात आणि पेराहेराच्या आठवड्यात तर विचारूच नका. रेल्वेचं तिकीट हातात आल्याशिवाय पुढचं हॉटेल पक्कं करू नका. बिनआरक्षित डब्यात आईंना उभं राहावं लागेल. पावसाळ्यात दरडी पडून मार्गाचा एखादा तुकडा बंद पडतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात गाडी पूर्ण मार्गावर चालू आहे का ते विचारून घ्या. नसेल तर नानू ओया ते एल्ला एवढा तुकडा केला तरी सगळ्यात सुंदर भाग पदरात पडतो.

एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा. दगड, विटा आणि सिमेंट, पोलाद नाहीच. पोराला डेमोदराचा फेराही दाखवा, गाडी गोल फिरून स्वतःच्याच मार्गाखालून जाते. त्याला कागदावर काढून दाखवलंत तर तो खिडकी सोडणार नाही.

आणि कळकळीने सांगतो, दारात लटकून फोटो नको. या मार्गावर त्या नादात माणसं पडलीत, जीव गेलेत.


शाळाघंटा :

बाप रे, किती नेमकं लिहिता तुम्ही लोक! टूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पूर्वेकडे आमची हॉटेलं नाहीत. म्हणजे हिशोब तिथे होता तर. विमानाचं तेवढं त्याच्याकडून घेईन, बाकी स्वतः करते.

ओलीवाळू ताई, पूर्वेला नेमकं कुठे? नकाशात पासिकुडा, त्रिंकोमाली, अरुगम बे अशी तीन नावं दिसली.


निळाकाठ :

अरुगम बे लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं गाव. ऑगस्ट त्यांचा भर मोसम. लाट जोरदार, छोट्या पोराला घेऊन चार दिवस राहण्यासारखं नाही.

पासिकुडाला किनाऱ्यापासून आत चालत जा, चालत जा, पाणी कमरेच्या वर येत नाही. तुमच्या मुलासाठी याहून निर्धास्त जागा नाही. पण तिथे रिसॉर्ट सोडलं तर फार काही नाही.

मी असतो तर त्रिंकोमालीजवळ उप्पुवेली किंवा निलावेली घेतलं असतं. निलावेलीहून होडीने पिजन आयलंडला जाता येतं. ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तोंड पाण्यात घातलं की खाली प्रवाळ, पोपटमासे, आणि नशीब असेल तर काळ्या टोकाच्या पंखाचा छोटा शार्क. सहसा माणसाला काही करत नाही, तोच पळतो. फक्त एक गोष्ट पोराला आधी घोकून घ्या : प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. माझ्यासमोर एक कुटुंब फोटोसाठी त्यावर उभं राहिलं, पायाखाली कडकड आवाज आला, आणि बोटवाल्याने कपाळाला हात लावला. वाढायला वर्षानुवर्षं लागतात त्याला.

आणि आईंसाठी तिथेच कोणेश्वर, शंकराचं देऊळ आहे.


डोळसभटक्या :

सगळं छान, पण त्या हत्तींबद्दल कुणी बोलणार की नाही? साखळदंड, डोळ्यांवर दिवे, कानाशी ढोल, आणि हे रात्रीमागून रात्र. मी ठरवून पेराहेराला गेलो नाही. ताईंनीही विचार करावा.


ओलीवाळू :

डोळसभटक्या, तुमचं खोटं नाही. आमच्या खुर्च्यांसमोर मिरवणूक पाच मिनिटं अडली होती. एक हत्तीण अगदी जवळ उभी होती. झूल डोक्यापासून पायापर्यंत, त्यावर दिव्यांच्या माळा, आणि खाली पुढच्या दोन पायांना साखळी. ती एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती. मला ते आजही दिसतं. सुळेवाल्या हत्तीपुढे हात जोडलेल्या सासूबाई मी वर लिहिल्या, ही हत्तीण लिहिली नाही, ते माझं चुकलं.

मी पुन्हा जाईन का? गेले तर ढोलवाल्यांसाठी, नर्तकांसाठी जाईन. चांदीचं शिरस्त्राण घातलेले वेस नर्तक, एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते काम, आठ-दहा वर्षांची पोरं बापाशेजारी त्याच तालात पाऊल टाकतात. ते हत्तींशिवायही तितकंच मोठं आहे. पण हत्तींवाचून हा सण त्यांना सण वाटणार नाही, हेही तिथे बसल्यावर कळतं. ताईंनी पोराला दोन्ही सांगावं. नऊ वर्षांच्या मुलाला ते समजतं.

आणि त्याला मोकळे हत्ती जरूर दाखवा. कँडीहून त्रिंकोमालीला जाताना वाटेत हबरणा लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाच्या तलावाचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी शेकडो हत्ती गोळा होतात. हा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलाय, अजून शेतीला पाणी देतो. काही वर्षी तलावात पाणी जास्त राहतं, तेव्हा कळप कौडुल्ला किंवा हुरुलुकडे सरकतात. म्हणून उद्यानाचं नाव धरून बसू नका, त्या दुपारी हत्ती कुठे आहेत ते जीपवाल्याला विचारा. आम्ही तासभर नुसते बसलो होतो. एक पिल्लू आईच्या पायांत अडखळत होतं, आई सोंडेने त्याला आत ओढत होती. जीपवाल्याला एवढंच सांगा की जवळ घुसवू नको, लांबून चालेल. चांगला असेल तर त्याला ते आवडतं.

आता जेवण. आईंची धास्ती खरी आहे पण उपाय सोपा आहे. तिकडे ‘उंबलकड’ म्हणून सुकवलेला मासा असतो, लाकडासारखा टणक. तो कुटून खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलमध्ये, घालतात. कधी भाजीतही. त्यांच्या मते तो मसाला, म्हणून ‘भाजीच आहे’ असं ते खोटं न बोलता सांगतात. तेव्हा शाकाहारी म्हणून भागत नाही, नाव घेऊन सांगावं लागतं : “मस एपा, मालू एपा, उंबलकड एपा.” मांस नको, मासा नको, उंबलकड नको. सासूबाईंनी हे पाठ केलं होतं आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारात जाऊन स्वतः म्हणायच्या. आतल्या बायका हसायच्या आणि वेगळा चमचा घ्यायच्या.

एवढं केलं की खायला भरपूर आहे. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसूर डाळीचं वरण, फणसाची भाजी, इडिअप्पम, साधे आप्पे (अंड्याचेही असतात, बघून घ्या). त्रिंकोमालीला तमिळ वस्ती, तिथे ‘सैव’ (म्हणजे शाकाहारी) पाटीची खानावळ शोधा. तिथे आईंनी डोळे मिटून जेवावं.


धम्मयात्री :

थोडं विषयाबाहेर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढे कधी जूनमध्ये जमलं तर पोसोन पौर्णिमेला अनुराधपूर आणि मिहिंतलेला जा. सम्राट अशोकाचे पुत्र महिंद धम्म घेऊन याच पौर्णिमेला मिहिंतलेवर आले, असं तिथले लोक मानतात. १,८४० पायऱ्या, आणि त्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसांची रीघ. ठिकठिकाणी ‘दानसल’, रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालतात. पैसे काढले तर त्यांना वाईट वाटतं. माझी आई दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणारी. संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षापुढे ती अर्धा तास बसून होती, काही बोलली नाही. आम्हीही तिला उठवलं नाही.

मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले, डोकं उघडं, चपला बाहेर. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. त्यांना ते फार लागतं. मुलाला हे आधीच सांगा.


शाळाघंटा :

रात्री जागून हे मांडलंय, चुकत असेल तर सांगा. पौर्णिमा आमच्या नवव्या दिवशी येतेय.

पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबो. दुसरी कँडी, नुसता मुक्काम, संध्याकाळी आईला मालिगावचं दर्शन. तिसऱ्या दिवशी आगगाडी, मग तीन रात्री हापुतले. सहाव्या दिवशी गाडीने परत कँडी, तिथे दोन रात्री पेराहेरा. मग वाटेत हत्ती बघून त्रिंकोमाली, तीन रात्री. अकराव्या दिवशी थेट विमानतळ, विमान रात्रीचं आहे.

पासिकुडा सोडलं, कारण आईने कोणेश्वर ऐकलं आणि विषय संपला.


ओलीवाळू :

उत्तम झालंय. सहाव्या-सातव्या रात्री तुम्हाला रांदोली मिळेल आणि शेवटच्या रात्रींची चेंगराचेंगरीही टळेल. फक्त पौर्णिमेची तारीख आणि रांदोलीच्या रात्री जाहीर झालेल्या यादीशी ताडून बघा, एक दिवस मागेपुढे होऊ शकतो. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते आणि बँका बंद. आधीच नोटा काढून ठेवा.

थोडे बदल सुचवते. हापुतलेला पहाटे रिक्षाने लिप्टन्स सीटला जा. रिक्षा जवळजवळ वरपर्यंत जाते, आईंना फार चालावं लागत नाही. आठ-नऊनंतर धुकं चढतं, मग काही दिसत नाही. हॉर्टन प्लेन्सचं पठार सोडा. नऊ किलोमीटरची फेरी आईंना जमणार नाही, आणि ऑगस्टमध्ये त्या बाजूला वाराही फार. श्रीपादचा डोंगर चढायचा विचार तर आणूच नका. तिथली यात्रा डिसेंबर ते मे. एरवी वाटेवरचे दिवे बंद, पायऱ्या ओल्या.

कँडीला परतताना ड्रायव्हरला सांगा, वेलिमडावरून सीता एलिया, नुवारा एलिया, रांबोडा असं ने. सीता एलियाला ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे, आणि रस्ता नुवारा एलियातून जातोच, त्यामुळे तेही बघून होईल. घाट वळणांचा आहे. पोराला गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर बसवा आणि आल्याची वडी जवळ ठेवा. महियंगणकडून सांगितलं तर नको म्हणा, त्या बाजूला ‘अठरा वळणं’ म्हणून ओळखला जाणारा घाट आहे.

त्रिंकोमालीत कोणेश्वराला सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. देऊळ किल्ल्याच्या आत, समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. वाटेत ठिपक्यांची हरणं माणसाला न भिता फिरतात. पोराच्या हातातली पिशवी सांभाळा, ती ओढतात. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आताचं नंतरचं. कड्याच्या टोकाशी खोल चीर आहे, तिला रावणाच्या तलवारीचा घाव म्हणतात. तिथे उभं राहून खाली पाहिलं की पाणी इतकं नितळ असतं की मासळी उलटलेली दिसते. आमच्या सासूबाईंनी तिथेच खाली बसून रुद्र म्हटलं. शेजारच्या तमिळ बाईंनी त्यांच्या पुढ्यात न बोलता विभूतीची पुडी ठेवली.

चपला खालीच काढाव्या लागतात आणि वरची फरशी दहानंतर तापते. आईंसाठी जाड मोज्यांचे दोन जोड घ्या. मालिगावलाही उपयोगी पडतील. आम्ही नेले नव्हते, मग मी रुमाल दोन ठिकाणी टाकत टाकत त्यांना सावलीपर्यंत आणलं.